मल्लाप्पाच्या भिंतीवरचं तळं

दारू प्यायला बसलेल्या माणसाला समोरच्या भिंतीवर काय बघावंसं वाटतं, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, पाणी. सातारा-सांगलीकडच्या परमिट रूमच्या भिंती रंगवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हंसांचं तळं, धबधबा, समुद्र, नावेत बसलेली बाई, काश्मीरचं सरोवर. बाटल्यांच्या रांगेसमोर बसलेल्या प्रत्येकाला भिंतीवर पाणीच हवं असायचं. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी स्वतः सोडा पितो.

तसा मूळचा मी रस्त्यावरच्या भिंतींचा पेंटर. राहायला साताऱ्यात, पण काम सांगलीकडे जास्त मिळायचं म्हणून महिन्यातले निम्मे दिवस मुक्काम तिकडेच. ज्यांनी नुसते फ्लेक्सच बघितलेत त्यांच्यासाठी जरा सांगतो. आधी मोक्याची भिंत हेरायची. मालकाला नमस्कार-चमत्कार करून परवानगी घ्यायची आणि कोपऱ्यात चुन्यानं 'राखीव' असं लिहून ठेवायचं. बस्स. तेवढं लिहिलं की दुसरा पेंटर, मग तो कितीही भांडकुदळ असो, त्या भिंतीला हात लावत नसे. मग भिंतीला अंगभर पांढरा रंग द्यायचा, निळीत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारायची की सरळ रेघ उमटते, आणि मग अक्षरं. अक्षरं पायी जाणाऱ्यासाठी नसतात. एसटीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला, गाडी पुढे निघून जायच्या आत वाचता आली पाहिजेत. म्हणून ती जाडजूड, खात्यापित्या घरची असतात. आमचे वस्ताद म्हणायचे, अक्षर सासरी सुखात असल्यासारखं दिसलं पाहिजे.

नव्वदीच्या सुरुवातीला गल्लोगल्ली परमिट रूम निघाल्या आणि मालक लोकांना आतल्या भिंतींवर 'सिनरी' हवी झाली. आता सिनरी दाखवायची कशी? आमच्याकडे काय छापील पुस्तक होतं? मग मी फेरी काढायला लागलो. नवं गिऱ्हाईक आलं की दिवेलागणीच्या सुमाराला त्याला बरोबर घ्यायचं आणि चालत निघायचं. वाटेतल्या माझ्या भिंती दाखवायच्या, मध्येच एखाद्या बारमध्ये शिरायचं, आतलं चित्र दाखवायचं, मालकाचा मान राखायला काहीतरी घ्यायचं, पुन्हा बाहेर. मार्केट यार्डापासून स्टेशन, तिथून गणपती पेठ, मग नदीकडे. मी सोडा पीत, गिऱ्हाईक आपापल्या आवडीचं पीत. शेवटच्या बारपर्यंत पोचेतो त्याला सगळीच चित्रं आवडायला लागलेली असत. धंद्याची युक्ती होती ती, नाही कशाला म्हणू?

पण खरं सांगू का, मला त्या फेरीचा नादच लागला होता. यार्डातून हळदीचा वास यायचा. उन्हाची शेवटची पट्टी भिंतीच्या वरच्या कडेला चिकटलेली असायची आणि खाली अंधारून यायचं. पाऊस पडून गेला असला तर आणखी गंमत. ओल धरली की वरचा चुना पातळ होतो आणि खालची जुनी जाहिरात हळूहळू वर येते. खताच्या पोत्यामागून मंजनवाली बाई हसायला लागते, तिच्यामागून कुठल्यातरी बिडीचा घोडा पळत येतो. ज्यांनी ती काढली ते पेंटर कधीच गेले, पण अशा संध्याकाळी ते सगळे माझ्याबरोबर चालत असल्यासारखे वाटायचे. मग एखाद्या बारचा पडदा बाजूला सारायचा, आत लाल-हिरव्या उजेडात माझा धबधबा पडत असायचा. सोडा पिऊनसुद्धा मला चढल्यासारखं व्हायचं.

गिऱ्हाइकं एकेक नग. साताऱ्याला एक रिटायर सुभेदार होते, त्यांना त्यांच्या बारमध्ये बर्फ हवा होता. "डोंगर पांढरा पायजे, पण बघून पाय गारठता कामा नयेत," म्हणाले. आता हे कसं काढायचं? मी बर्फातल्या एका घरातून धूर काढला, ते खूश. गणपती पेठेतल्या एका बारमधल्या धबधब्याखाली एक मास्तर रोज दोन पेग झाले की हात धुवायला जायचे. भिंतीवर हात चोळायचे, झटकायचे आणि रुमालाला पुसून घरी निघायचे. धबधब्याचा तेवढा भाग पार उडाला. मालकानं मला पुन्हा रंगवायला बोलावलं, तेव्हा माझी छाती किती फुगली असेल बघा. राजे-महाराजांच्या चित्रकारांना अशी पावती मिळाली नसेल.

मल्लाप्पा अशाच एका फेरीला आला होता. जत तालुक्यातला, घरी कानडी बोलणारा, चाळिशीचा माणूस. पोरवयातच हॉटेलात कपबशा धुवायला लागला, पुढे गोव्यात एका बारमध्ये राहिला आणि शेवटी सांगलीत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला स्वतःची लहानशी परमिट रूम टाकली. सहा टेबलं आणि एक लांबलचक कोरी भिंत. सगळी फेरी तो एकच शब्द बोलत राहिला. हंस बघितले, न्हाई. समुद्र बघितला, न्हाई. शेवटी मीच वैतागलो. म्हटलं, "मल्लाप्पा, मग हवंय तरी काय तुम्हाला?"

"आमचं तळं पायजे. गावातलं."

"मग येतो की बघायला एकदा."

"काय बघताय? कोरडं हाय. तितं टँकर येतोय." मग म्हणाला, "तुमी भरल्यालं काढा. काठोकाठ."

त्यानं ते लहानपणी एकदाच भरलेलं बघितलं होतं. तेवढ्यावर तो मला सांगत राहिला आणि मी काढत राहिलो. हा भराव, इथं मारुतीचं देऊळ, इथं बाभळी, हा एक हत्तीच्या पाठीसारखा खडक. प्रत्येक वेळी म्हणायचा, "पानी अजून वर घ्या, पेंटर." पाणी देवळाच्या पायरीला लागलं, बाभळींच्या बुंध्याशी गेलं, हत्तीखडकाची नुसती पाठ राहिली. पाणी मी मन लावून काढलं. संध्याकाळचं, जरा तांबूस झाक असलेलं, बघणाऱ्याला पाय सोडून बसावंसं वाटेल असं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पाणी ते. लोक हॉटेलचं पाटीवरचं नाव विसरले आणि 'तळ्याचा बार' म्हणायला लागले. जतकडची माणसं कोर्टकचेरीला सांगलीत आली की मुद्दाम तिथं येऊन तळ्याकडे तोंड करून बसत.

एकच माणूस आला नव्हता. मल्लाप्पाचा बाप, अप्पा.

अप्पांचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. जमीन गेली, मग बायको माहेरी गेली, मग तो. "ज्या बाटलीनं माझा भाऊ खाल्ला ती माझं पोरगं इकतंय," एवढंच बोलून अप्पांनी मल्लाप्पाशी बोलणं टाकलं होतं. गावी हा गेला की ते रानात जाऊन बसत. आई होती तोवर, मल्लाप्पा तिला अव्वा म्हणायचा, दोघांच्या मधे ती होती. ती मल्लाप्पा गोव्याहून पोचायच्या आत गेली. आता मधे कुणीच नव्हतं.

आणि एक दिवस मल्लाप्पा मला शोधत माझ्या लॉजवर आला. अप्पांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सांगलीतल्या लेकीकडे, म्हणजे मल्लाप्पाच्या बहिणीकडे, ते काही दिवस राहणार होते. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता आणि ऊन टाळायला सांगितलं होतं. संध्याकाळी फिरायला हरकत नव्हती.

"पेंटर, अप्पांना एक फेरी घडवा," तो म्हणाला. "डोळं परत आल्यापास्नं जे दिसंल ते बघत बसत्यात, भैन सांगत हुती. सगळ्या भिंती दावा. आनि शेवटाला माज्याकडं आना. बारमदी चला म्हटलं तर मान कापली तरी यायचं न्हाईत. तळं बघाय चला म्हटलं तर येतील." तो माझ्या खाटेच्या कडेला टेकला. "पुढच्या सोमवारी ते गावाकडं चाललेत. पुन्हा काय सांगलीला येत न्हाईत. एकडाव माज्या दारात उभं ऱ्हावं त्यांनी, पेंटर. दुसरं काय न्हाई."

मी हो म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला फसवून न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून नाही म्हणवेना.

अप्पा उंच, ताठ, हातात घुंगराची काठी. काळ्या चष्म्यात ते अगदी सिनेमातले खलनायक दिसत होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "तू भित्ताडं रंगवतोस व्हय? चल, दाव."

अशी फेरी मी पुन्हा कधी केली नाही. नवे डोळे मिळालेला माणूस काय काय बघतो! खताच्या जाहिरातीतला माझा शेतकरी त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "ह्यो कुठला रं शेतकरी? गाल बघ की, सावकाराचा जावई दिसतोय." सिमेंटच्या जाहिरातीपुढं उभं राहून म्हणाले, "आक्षरं जाड हायत, पण मला वाचाय येत न्हाई. काय म्हंत्यात ती?" मी सांगितलं, घर मजबूत होतं म्हणतात. "घर काय शिमिटानं मजबूत हुतंय?" असं म्हणून ते पुढे निघाले. मग एका ओल्या भिंतीजवळ थबकले. तिथं चुन्याखालून जुना बिडीचा घोडा वर आला होता. काठी काखेत धरून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "हे असंच हुतं मला, वरीसभर. सगळं चुन्याआड. मान्सं नुसती हालायची." आम्ही दोघं बराच वेळ तिथं उभे होतो. गल्लीत दिवे लागत होते आणि घोडा हळूहळू अंधारात जात होता.

बार आला की मी पडदा बाजूला धरायचो आणि अप्पा उंबऱ्याबाहेरूनच आत बघायचे. पाऊल आत टाकत नव्हते. हंस बघून म्हणाले, "बदकं लय उजळ हायत." हात धुणाऱ्या मास्तरांची गोष्ट सांगितली तेव्हा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिथं मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, एक सांगायचंय. ही फेरी शेवटी कुठं जाणार आहे..."

"मला ठावं हाय." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "डोळं आत्ता आलेत रं, आक्कल पयल्यापास्नं हाय. चल."

मल्लाप्पाच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा आभाळात थोडा उजेड होता. पडदा बाजूला बांधून ठेवला होता. आत बघितलं आणि मला हसू की रडू कळेना. गड्यानं बाटल्यांच्या सगळ्या फळ्यांवर पलंगपोस टाकले होते, निळ्या फुलांचे. चार-पाच नेहमीची गिऱ्हाइकं ग्लास टेबलाखाली धरून शाळेतल्यासारखी ताठ बसली होती. मल्लाप्पा गल्ल्याशी उभा, हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखा.

अप्पा उंबऱ्याशी थांबले. तिथून भिंतीचा थोडाच भाग दिसतो, भराव आणि देवळाचं शिखर. बाकीचं तळं बघायचं तर आत यावंच लागतं. त्यांनी शिखर बघितलं. मान तिरकी करून बघितलं. मग काठी पुढे टेकली आणि आत आले. मल्लाप्पाकडे बघितलं नाही, पण आत आले.

भिंतीसमोर उभं राहून त्यांनी चष्मा काढला. मी, खोटं कशाला बोलू, शाबासकीची वाट बघत होतो. माझं सगळ्यात चांगलं पाणी होतं ते.

"पानी लय झालं," अप्पा म्हणाले.

मी हसलो. "आवं अप्पा, मल्लाप्पालाच काठोकाठ हवं होतं."

ते भिंतीजवळ गेले. हत्तीखडकाच्या डाव्या अंगाला, जिथं माझं तांबूस पाणी सगळ्यात खोल दिसायचं, तिथं त्यांनी बोट टेकलं. मग पहिल्यांदा मागे वळून लेकाकडे बघितलं.

"हितं तुजी अव्वा हाय न्हवं रं?"

मल्लाप्पाच्या तोंडचा रंग उडाला. त्यांच्या घरात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. तळ्याला लागून त्यांचं वावर आणि वावराच्या कडेला, खडकाजवळ, तिची जागा. मल्लाप्पाला ती ठाऊक नव्हती असं थोडंच? पण त्यानं पाणी मागितलं, मी पाणी दिलं, आणि दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण पाणी चढवतोय ते कुणावर. मी तर ते गाव बघितलंसुद्धा नव्हतं. पण मल्लाप्पा रोज, गल्ल्यावर बसून, त्या भिंतीकडे बघत होता.

"मला दिसलं न्हाई, अप्पा," तो म्हणाला आणि तिथंच गल्ल्यामागं खाली बसला, मोठ्यानं रडायला लागला. "मला कसं दिसलं न्हाई!" गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. माझ्याही डोळ्यांना धार लागली, लाज कसली.

अप्पा त्याच्याजवळ गेले नाहीत. मला म्हणाले, "पेंटर, पानी खाली घे."

आता बाहेरच्याला वाटतं, त्यात काय, निळ्यावर तपकिरी फासलं की झालं. तसं नसतं. ऑइल पेंटवर नुसतं फासलं तर खालचं पाणी पुन्हा वर झिरपल्यासारखं दिसतं. आधी पॉलिश पेपरनं घासून चकाकी मारायची, मग पांढरा हात, तो वाळू द्यायचा, मग जमीन. एका संध्याकाळचं काम नव्हतं ते. अप्पांनी सोमवारचं जाणं पुढे ढकललं. रोज दिवेलागणीला येत, बाटल्यांकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या खुर्चीवर बसत. पलंगपोस तसेच. दारातल्या टपरीवरून त्यांच्यासाठी चहा येई, बारमधलं पाणीसुद्धा घेत नसत.

"अजून खाली. अजून. ती काटेरी चिलार काढ, तितं न्हाई ती. माती काळी कुठली आली, तांबूस कर."

"तांबूस न्हाई, पेंटर, राखाडी हाय," गल्ल्यामागून मल्लाप्पा हळूच म्हणायचा.

"त्याला इचार, कवा बघितलीया त्यानं?" अप्पा माझ्याकडे बघत म्हणायचे.

दोन दिवस त्यांचं भांडण माझ्यामार्फत चाललं होतं. मी कान बहिरे केल्यासारखा घासत बसायचो. तिसऱ्या दिवशी अव्वाच्या जागेवर लावलेल्या रोपाचा विषय निघाला. मल्लाप्पा म्हणाला कडुलिंब. अप्पा तडकले आणि सरळ त्याच्यावरच ओरडले, "आरं चिच हाय ती, चिच! तुज्या आईनं कवा कडूलिंबाकडं बघितलं हुतं का? दिसभर चिचा खायाची!"

मल्लाप्पा म्हणाला, "व्हय की. चिचच."

"मग सांग की त्याला नीट."

त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलायला लागले. फार नाही, चिंचेपुरतं, मातीपुरतं. तिची जागा पाण्याबाहेर आली, कोरडी झाली, त्यावर मी पानापानानं चिंचेचं रोप काढलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "साकू." कानडीत, पुरे. उठताना लेकाला म्हणाले, "धंदा तुजा वाईटच हाय. त्ये मी म्हननारच. पर ह्या भित्ताडाला मी येनार."

आणि येत राहिले. डोळे दाखवायला मिरजेला यायचं निमित्त काढून, वर्षातून एखाद-दोनदा. पलंगपोस बाहेर निघाले की गिऱ्हाइकं ओळखायची, अप्पा येणार. गिऱ्हाइकांचे विनोदही ठरलेले. "काय मल्लाप्पा, यंदा पाऊस कमी झाला वाटतं तळ्यात!" "कमी न्हाई, खाली कुणीतरी मोटर लावलीया!" माझं सगळ्यात चांगलं पाणी हातभर खाली गेलं, पण खरं सांगतो, चित्र आता बरं दिसत होतं. आधी ते नुसतं सुंदर होतं.

मग दिवस फिरले. कॉम्प्युटरवर अक्षरं कापून मिळायला लागली आणि चुन्यानं 'राखीव' लिहिलेल्या कोपऱ्यावर कुणीही काहीही चिकटवायला लागला. आमचा शब्द वाचणारे पेंटरच उरले नाहीत. मी सांगलीला जायचं सोडलं. साताऱ्यात घरी बसून गणपतीत चार मखरं रंगवावीत, बाकी संध्याकाळी उगीच फिरून यावं. जुन्या भिंतीवर कुठं ओल दिसली की अजून थांबतो मी, कोण वर येतंय बघायला.

एका दुपारी दारात मल्लाप्पा उभा. केस पांढरे झालेले. आत आला, पाणी प्यायला. घरची चौकशी झाली, इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं तांब्या बाजूला ठेवला.

"पेंटर, रंग हायत का अजून तुमच्याकडं?"

"असतील की. का?"

"पानी अजून जरा खाली घ्यायला पायजे."

माळ्यावरचा डबा काढायला उठलो. ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये घातले. खोलीभर तो ओळखीचा वास सुटला. त्याच्याकडे पाठ असतानाच मी विचारलं, "किती घ्यायचं, मल्लाप्पा?"

"लय न्हाई," तो म्हणाला. "चिचंखाली, अव्वाच्या शेजारी एक मानूस बसंल, एवढंच."